ड्रेसिंग रूममधल्या शिव्यांना विरोध कसा करायचा? त्यासाठी आपण गे असल्याचं सांगावंच लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हौशी लीगमध्ये फुटबॉल खेळता, गे आहात, आणि संघात कोणालाच ते ठाऊक नाही. कोणाचा पास चुकला की 'बायल्या', कोणी टॅकलला कचरला की 'छक्का', आणि हे सगळं हसत-खिदळत चालतं. समोरच्या संघाकडून येतं ते वेगळंच. तुम्हाला हे थांबवायचंय, पण तोंड उघडलं की सगळ्यांना आपल्याबद्दल कळेल ही धास्ती आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की त्यापेक्षा खेळणंच सोडून द्यावं का.

मी बरीच वर्षं हौशी फुटबॉल खेळलो, काही काळ कर्णधार होतो, आता मुलांच्या संघाला शिकवतो. मी गे आहे आणि माझ्या क्लबात ते सगळ्यांना माहीत आहे. लीगच्या शिस्त समितीपुढे तक्रार घेऊन जाण्याची वेळही माझ्यावर आलेली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गाठ सोडवू. विरोध करणं आणि स्वतःबद्दल सांगणं हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत, आणि तुम्ही ते एकत्र बांधून ठेवलेत. 'हा शब्द इथे नको' असं म्हणायला तुम्ही कोण आहात हे सांगावं लागत नाही. एखादा खेळाडू जातीवरून किंवा रंगावरून बोलला तर त्याला अडवणाऱ्याला आपण 'तू त्या जातीचा का?' असं विचारत नाही. तोच न्याय इथेही लावा. मी स्वतः असं बोलायला सुरुवात केली तेव्हा संघात कोणालाच माझ्याबद्दल माहीत नव्हतं. कोणीतरी 'तुला का एवढं लागलं?' असं विचारलंच. मी म्हणालो, 'कारण आपल्या क्लबात बारा-तेरा वर्षांची मुलंही खेळतात, आणि त्यांच्यातला एखादा हे ऐकून उद्यापासून येणार नाही.' हे खरंच होतं, आणि तेवढं उत्तर पुरलं.

आता हे शब्द येतात कुठून, तेही समजून घ्या, कारण उपाय त्यावर ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातले संशोधक एरिक डेनिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रग्बी आणि आइस हॉकी खेळणाऱ्या तरुणांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं ते असं: जे खेळाडू असे शब्द वापरत होते त्यांच्या मनात समलिंगी माणसांबद्दल द्वेष असेलच असं नव्हतं. बाकीचे बोलतात, आपण नाही बोललो तर वेगळे पडू, म्हणून तेही बोलत होते. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. आमच्या संघात सगळ्यात जास्त तोंडाळ असलेला सेंटर बॅक पुढे माझ्या बाजूने सगळ्यात आधी उभा राहिला. त्याला कधी कोणी थांबवलंच नव्हतं, एवढंच.

याचा अर्थ हे शब्द निरुपद्रवी आहेत असा कृपया घेऊ नका. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं याने ऐकणाऱ्याच्या पोटात पडणारा गोळा कमी होत नाही. 2015 मध्ये 'आउट ऑन द फील्ड्स' नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा इंग्रजीभाषक देशांतले जवळपास साडेनऊ हजार लोक त्यात सहभागी होते, आणि त्यांच्यापैकी 80 टक्के लोकांनी खेळात समलिंगी व्यक्तींविरुद्धचं वागणं एकतर पाहिलं होतं किंवा स्वतः सोसलं होतं. म्हणजे तुम्हाला जे वाटतंय ते तुमच्या हळव्या स्वभावातून आलेलं नाही.

पण मूळ सवयीत असेल तर उपायही सवयीवरच करावा लागतो, आणि इथे बरेच क्लब चुकतात. एखादा नामवंत खेळाडू बोलावून तासाभराचं व्याख्यान ठेवतात, टाळ्या होतात, फोटो काढतात, आणि पुढच्या सरावात तेच शब्द. डेनिसन यांच्या गटाने व्यावसायिक रग्बीपटूंकडून किशोर खेळाडूंचं असं प्रबोधन करून पाहिलं, तर भाषेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. खेळाडूवर वचक असतो तो रोज बाजूच्या बाकावर बसणाऱ्यांचा. रंगीत लेसांबद्दलही माझं मत असंच आहे. ब्रिटनमधल्या स्टोनवॉल या समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने 2013 मध्ये इंद्रधनुषी बूटलेसांची मोहीम सुरू केली. मला ती मनापासून आवडते, कारण बूट बांधताना कोणीतरी आपल्या बाजूचं आहे हे एकट्या पडलेल्या मुलाला दिसतं. मात्र लेस बांधलेला कर्णधारच शिवी ऐकून हसला, तर त्या लेसेचा काही उपयोग नाही.

मग त्या क्षणी नेमकं करायचं काय? छोटं बोला, लगेच बोला आणि पुढे चला. एकदा सराव संपला होता, आमचा गोलरक्षक हातमोजे काढत होता, आणि नव्याने आलेल्या एका पोराला हसत म्हणाला, 'कॉर्नरला डोळे मिटतोस, छक्का आहेस का?' दोघे-तिघे हसले. त्याच्या शेजारी बसून मी बुटाचा चिखल खरवडत होतो. मान वर करून म्हणालो, 'डोळे मिटतो हे सांग, त्याचा त्याला उपयोग होईल. तो शब्द सोड.' आवाज चढवला नाही. तो म्हणाला, 'अरे, मस्करी होती.' मी म्हणालो, 'ठाऊक आहे. तरी सोड.' आणि लगेच त्या पोराला विचारलं की उद्या अर्धा तास लवकर येशील का, हेडरचा सराव करू. विषय तिथेच संपला. यात तीन गोष्टी घडल्या. गोलरक्षकाच्या खेळाविषयीच्या सूचनेला मान दिला. शब्दाला नाही म्हटलं. आणि ज्याला बोल लागला त्याला एकटं सोडलं नाही. भांडण उभं राहिलं असतं तर सगळ्यांना भांडण लक्षात राहिलं असतं, शब्द नाही.

'मस्करी होती' हे उत्तर तुम्हाला शंभरदा मिळेल. त्यावर वाद घालत बसू नका. मस्करी होती हे मान्य करा आणि मागणी कायम ठेवा. 'सगळेच बोलतात' याला 'म्हणूनच सांगतोय' एवढंच पुरे. आणि कोणी खरोखरच विखारी असेल, खवळून अंगावर येणारा असेल, तर चारचौघांत एकट्याने त्याला भिडू नका. तो माणूस कर्णधाराचं आणि समितीचं काम आहे.

कर्णधाराबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण हौशी खेळात सगळ्यात मोठी किल्ली त्याच्याकडे असते. व्यावसायिक क्लबात व्यवस्थापक, माध्यम अधिकारी, खेळाडूंची संघटना असते. आपल्याकडे सामन्याच्या आदल्या रात्री 'उद्या किती जण येताय?' असा मेसेज टाकणारा एक माणूस असतो, आणि तो जे चालवून घेतो तेच क्लबात चालतं. म्हणून संघापुढे बोलण्याआधी त्याला एकट्याला गाठा. सरावानंतर, चालता चालता. स्वतःबद्दल सांगायचं नसेल तर सांगू नका. नेमकी मागणी करा: हंगामाच्या पहिल्या बैठकीत तूच एक वाक्य बोल, की वंश, जात, धर्म आणि लैंगिकता यांवरून कोणी कोणाला बोलायचं नाही, आपल्यातही नाही आणि समोरच्यालाही नाही. आणि पहिल्यांदा कोणी बोललं की तू टोक. दुसऱ्यांदा बोललं की त्याला बाकावर बसव. 'वातावरण सुधारायला हवं' असं मोघम बोललात तर तो मान डोलावेल आणि विसरून जाईल. एक वाक्य आणि दोन कृती मागितल्या तर त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. तो नाही म्हणाला, तर तेही कळलेलं बरं.

कोचकडेही जा, पण कोचच 'पोरीसारखं खेळू नका' म्हणणारा असेल तर आधी कर्णधार. बायकांना हिणवणं आणि गे मुलांना हिणवणं ही एकाच मुळाची फळं आहेत, आणि पहिलं चालू राहिलं तर दुसरं थांबत नाही.

आता समोरच्या संघाविषयी. इथे सवय, मस्करी हे सगळं बाजूला ठेवा, कारण इथे नियम आहेत. फुटबॉलच्या नियमावलीतल्या 12व्या नियमानुसार अपमानास्पद किंवा शिवराळ भाषा ही थेट लाल कार्डाची चूक आहे. 5व्या नियमानुसार रेफ्री सामना थांबवू शकतो, तहकूब करू शकतो किंवा रद्द करू शकतो. म्हणजे तुम्ही कोणाकडे मेहेरबानी मागत नाही, असलेला नियम लावा म्हणताय. अडचण ही की हौशी सामन्यात रेफ्री बहुधा एकटा असतो, बाजूला कॅमेरे नसतात, आणि कॉर्नरच्या गर्दीत कानाशी पुटपुटलेलं त्याला ऐकूच येत नाही. ऐकलं नाही तर कार्ड दाखवता येत नाही, पण अहवालात नोंद करता येते. ती नोंद पुढे फार महत्त्वाची ठरते.

म्हणून शिवी आली की खेळ थांबेपर्यंत कळ काढा, मग कर्णधाराला घेऊन रेफ्रीकडे जा. एकट्याने, संतापून, धावत जाऊ नका. याचं कारण एका सामन्यातून सांगतो. 30 सप्टेंबर 2020 रोजी अमेरिकेच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये सॅन डिएगो लॉयल आणि फिनिक्स रायझिंग यांचा सामना होता. सॅन डिएगोचा कॉलिन मार्टिन हा 2018 पासून उघडपणे गे असलेला खेळाडू. पूर्वार्धात प्रतिस्पर्ध्याने त्याला समलिंगी म्हणून हिणवणारी शिवी दिली. मार्टिनने ती तक्रार सांगितली, तर रेफ्रीचा समज झाला की शिवी मार्टिननेच आपल्याला दिली, आणि त्याने तक्रारदारालाच लाल कार्ड दाखवलं. गैरसमज दूर झाल्यावर ते मागे घेतलं गेलं. व्यावसायिक सामन्यात असं होऊ शकतं, तर आपल्या मैदानावर नक्कीच होऊ शकतं. म्हणून वाक्य असं बांधा की ऐकणारा चुकूच शकणार नाही: 'सहा नंबरच्या खेळाडूने मला अमुक शब्द वापरला. तुम्ही तो वेळेसकट लिहून घ्या, ही माझी विनंती आहे.'

त्या सामन्याचं पुढे जे झालं ते प्रत्येक हौशी कर्णधाराला ठाऊक असायला हवं. सॅन डिएगो 3-1 ने पुढे होतं. प्रशिक्षक लँडन डोनोव्हन यांनी मध्यंतरात मागणी केली की शिवी देणाऱ्याला मैदानाबाहेर काढा. ते झालं नाही. उत्तरार्ध सुरू झाल्यावर सॅन डिएगोचे खेळाडू गुडघ्यावर बसले आणि मग मैदान सोडून निघून गेले. हातातला विजय गेला, बाद फेरीची आशा गेली. आदल्याच आठवड्यात त्यांच्या दुसऱ्या एका खेळाडूला वर्णद्वेषी शिवी दिली गेली होती आणि त्याही सामन्याचा गुण क्लबाने सोडून दिला होता. शिवी देणाऱ्यावर नंतर सहा सामन्यांची बंदी आली. मला या सगळ्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मैदान सोडायचा निर्णय मार्टिनच्या एकट्याच्या खांद्यावर पडला नाही. मार्टिनला तर आपल्यामुळे सगळ्यांचा सामना जाऊ नये असंच वाटत होतं. संघ म्हणाला, सामना आमचाही आहे आणि जायचं आम्ही ठरवतोय. तुमच्या संघात हंगामाआधीच हे बोलून ठेवा: असं झालं तर आपण काय करू? ऐन वेळी, छाती धडधडत असताना, अकरा जणांचं एकमत होत नाही.

प्रेक्षकांकडून शिव्या येत असतील तर फिफाची तीन पायऱ्यांची पद्धत आहे: आधी खेळ थांबवून सूचना, मग संघांना काही वेळ आत नेणं, आणि तरीही थांबलं नाही तर सामना रद्द. आपल्याकडे ध्वनिक्षेपक नसतो, म्हणून सूचना द्यायचं काम त्या त्या क्लबाच्या माणसाने टचलाइनवर जाऊन करायचं. आपल्या लोकांना आपणच गप्प करायचं, ही रीत ठेवली तर मारामारीची वेळ येत नाही.

सामना संपल्यावर त्याच संध्याकाळी लिहून काढा. नेमका शब्द, कितवं मिनिट, मैदानाचा कोणता भाग, कोण जवळ होतं, रेफ्रीला काय सांगितलं, त्याने काय उत्तर दिलं. साक्षीदारांनी आपापलं स्वतंत्र लिहावं. एकाने लिहून चौघांनी सह्या केल्या की समिती ते एकच निवेदन धरते. लीगची तक्रारीची मुदत तपासा, ती बहुधा थोडीच असते.

आमची सुनावणी मला अजून लख्ख आठवते. एक लांब टेबल, पलीकडे समितीचे सदस्य, अलीकडे आम्ही. समोरच्या क्लबाचे सचिव सांगत होते की आमचा मुलगा चांगल्या घरचा आहे, त्याच्या ओळखीतसुद्धा असे लोक आहेत. अध्यक्षांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि आमच्या लेफ्ट बॅकला विचारलं, 'शब्द काय होता?' तो म्हणाला, 'घाण शब्द होता.' अध्यक्ष म्हणाले, 'मला शब्द लागेल.' त्याने कागदाकडे पाहिलं, घोट गिळला आणि जसाच्या तसा उच्चारला. खोलीतली हवाच बदलली. तोवर जी 'मैदानावरची किरकोळ बाचाबाची' होती तिचं खरं रूप सगळ्यांपुढे आलं. त्या खेळाडूवर काही सामन्यांची बंदी आली. म्हणून सांगतो, तक्रारीत फुल्या मारू नका. शब्द पूर्ण लिहा.

तुमच्या लीगच्या नियमांत लैंगिकतेचा स्पष्ट उल्लेख आहे का हेही बघा. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांत तो आहे: एखाद्याच्या लैंगिकतेवरून केलेली शिवीगाळ ही साध्या शिवीपेक्षा गंभीर धरली जाते, खेळाडूवरची बंदी साधारणपणे सहा सामन्यांपासून सुरू होते, शिवाय प्रबोधनाचा वर्ग सक्तीचा असतो. हे हौशी पातळीवरही लागू आहे. तुमच्याकडे असा उल्लेख नसेल तर पुढच्या वार्षिक सभेत एका ओळीची दुरुस्ती सुचवता येईल. कंटाळवाणं काम आहे, पण तुमच्यानंतर येणाऱ्याला तीच ओळ हाताशी असेल.

आता स्वतःबद्दल सांगण्याविषयी. घाई करू नका आणि कोणाला करूही देऊ नका. व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास पाहिला तर तुमची भीती निराधार नाही. इंग्लंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू जस्टिन फॅशानू 1990 मध्ये आपण गे असल्याचं जाहीरपणे बोलला, त्याची अवहेलना झाली, आणि 1998 मध्ये त्याने आपलं आयुष्य संपवलं. त्यानंतर इंग्लंडमध्ये खेळत असलेल्या दुसऱ्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूने हे जाहीरपणे सांगितलं ते थेट मे 2022 मध्ये: ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय अवघं 17. मधली बत्तीस वर्षं शांतता. पण डॅनियल्सच्या वेळचं जग वेगळं होतं, आणि ते वेगळं करण्यात आदल्या वर्षी बोललेला ऑस्ट्रेलियाचा जोश कावालो, 2014 मध्ये निवृत्तीनंतर बोललेला जर्मनीचा थॉमस हिट्झल्सपर्गर अशांचा वाटा होता. महिला फुटबॉलमध्ये तर नामवंत खेळाडू कितीतरी आधीपासून उघडपणे जगताहेत, आणि त्यांचे संघ त्यामुळे कुठेच मागे पडलेले नाहीत.

सांगायचंच ठरवलं तर एकापासून सुरू करा. ज्याने एकदा तरी असा शब्द ऐकून मान खाली घातली होती, तो बहुधा योग्य माणूस. त्याला स्पष्ट सांगा की हे अजून कोणाला सांगायचं नाही किंवा अमक्याला सांगितलं तर चालेल. घरी ठाऊक नसेल तर हे विशेष जपा, कारण क्लबातली गोष्ट घरापर्यंत पोहोचायला एक मेसेज पुरतो. राहतं घर, शिक्षण किंवा पोट दुसऱ्यावर अवलंबून असेल आणि तिथून धोका असेल, तर गप्प राहणं हा भित्रेपणा नाही. मी सांगितलं तेव्हा आधी कर्णधाराला, मग दोन मित्रांना, आणि बाकीच्यांना हळूहळू कळत गेलं. एक जण काही आठवडे माझ्या शेजारी कपडे बदलायला बिचकला. त्याच्याशी मी नेहमीसारखाच बोलत राहिलो आणि ते आपोआप मावळलं. दुसऱ्या एकाने क्लब सोडला. तो गेला, मी राहिलो, आणि क्लबाने मला राहू दिलं हे मी कायम मानतो.

खेळणं सोडू का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. खेळ सोडू नका. क्लब मात्र सोडू शकता. कर्णधाराशी बोललात, समितीला लिहिलंत आणि तरी कोणी हललं नाही, तर तिथे झिजत राहण्याचं बंधन तुमच्यावर नाही. गे खेळाडूंनी स्वतः उभे केलेले क्लबही आहेत. लंडनचा स्टोनवॉल एफसी 1991 पासून चालू आहे आणि तो नेहमीच्या लीगमध्ये, नेहमीच्या संघांविरुद्ध खेळतो. असा क्लब जवळ नसेल तर दुसऱ्या एखाद्या साध्या क्लबाचे दोन-तीन सराव बाजूला उभं राहून पाहा. पास चुकल्यावर तिथले लोक एकमेकांना काय म्हणतात, ते ऐका. दहा मिनिटांत अंदाज येतो.

पण त्याआधी कर्णधाराशी ते एक बोलणं करून बघा, आणि शक्य तितकं पुढच्या सामन्याच्या आधी. काय मागायचं ते वर लिहिलंच आहे. त्याने काय उत्तर दिलं ते कळवा, मग पुढचं त्यानुसार सांगतो.